सेंट गालेन : ग्रंथ राखणारे गाव



दरवर्षी जून महिन्यात शाळेत नवे विद्यार्थी दाखल होऊ लागले की एक प्रश्न आम्हां शिक्षकांस हमखास ऐकावा लागतो. "सर, मराठीतून शिकून पुढे आमच्या मुलाचे कसे होणार?" प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात शाळेविषयी अढी नसते. बहुधा तो स्वतः याच शाळेचा माजी विद्यार्थी असतो. परंतु आपण बडोदेकर मराठी माणसे. घरी मराठी, बाजारात गुजराती, कचेरीत हिंदी व इंग्रजी असा आपला दिवस उलटतो. अशा वेळी घरच्या भाषेत शिकणे हा लाभ की तोटा, ही शंका मनात येणे स्वाभाविक आहे. आम्ही आपल्या परीने उत्तर देतो, पालक मान डोलावतात, आणि दोघांचेही पूर्ण समाधान झालेले नसते.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत आम्हां उभयतांस पुतण्याच्या आग्रहामुळे स्वित्झर्लंडला जाण्याचा योग आला. त्या देशातील बर्फाच्छादित शिखरे व सरोवरे सर्वांनी चित्रांत पाहिलेलीच आहेत. त्यांचे वर्णन आम्ही येथे करीत नाही. ज्या गावाने आमच्या मनात घर केले ते सेंट गालेन हे मध्ययुगीन मठाचे गाव. आमच्या जुन्या प्रश्नाचे एक उत्तर आम्हांस तेथे अनपेक्षितपणे मिळाले. ते कोणते, हे सांगण्यापूर्वी त्या गावाची व मठाची ओळख करून घेणे अवश्य आहे.

गाव व मठ

झुरिक शहराहून आगगाडीने पूर्वेस निघाले की सुमारे तासाभरात सेंट गालेन येते. समुद्रसपाटीपासून जवळजवळ ७०० मीटर उंचीवर, दोन डोंगरांमधल्या अरुंद खोऱ्यात हे शहर वसलेले आहे. स्टेशनावरून पायी चालत गेल्यास थोड्याच वेळात जुने गाव लागते. तेथील घरांच्या दर्शनी भिंतींतून बाहेर आलेल्या कोरीव खिडक्या पाहून आम्हांस आपल्या जुन्या वाड्यांच्या सज्जांची आठवण झाली. जवसाच्या तंतूंपासून विणलेल्या लिनन कापडाच्या व्यापारावर हे गाव मध्ययुगात संपन्न झाले, व पुढे येथील भरतकामाची कीर्ती जगभर पसरली. त्या व्यापाऱ्यांनी आपले वैभव या खिडक्यांतून मिरविले आहे.

जुन्या गावातून चालताना एक गोष्ट ध्यानात येते. रस्ते सरळ जात नाहीत. ते कशाभोवती तरी वळसा घेत जातात. त्या वळशाच्या आत मोठे हिरवे पटांगण असून त्याच्या कडेला ६८ मीटर उंचीच्या दोन मनोऱ्यांचे भव्य चर्च उभे आहे. हाच तो मठ. आधी मठ झाला आणि त्याच्या आश्रयाने गाव वाढले, हा इतिहास रस्त्यांच्या वळणांतच लिहिलेला आहे.

'मठ' या शब्दाने आपल्यासमोर जे चित्र उभे राहते त्याहून युरोपातील मठ फार निराळा नव्हता. सहाव्या शतकात इटलीमध्ये होऊन गेलेल्या बेनेडिक्ट या साधुपुरुषाने मठवासीयांसाठी एक नियमावली तयार केली. प्रार्थना, वाचन आणि अंगमेहनत या तिन्हींस रोजच्या दिनक्रमात तिने ठरलेला वेळ दिला. वाचन करावयाचे तर ग्रंथ हवेत. छपाईची कला त्या काळी युरोपास ठाऊक नव्हती. म्हणून ग्रंथ हाताने उतरून घेणे हे मठातील एक मोठे काम होऊन बसले.

अस्वल आणि काटेरी झुडूप

या गावाचा प्रारंभ एका आजारी माणसापासून झाला. आयर्लंडहून कोलंबानुस नावाचा साधू आपल्या शिष्यांसह धर्मप्रसारार्थ युरोपात आला होता. ६१२ साली तो इटलीकडे निघाला, तेव्हा त्याचा गालुस नावाचा सोबती आजारामुळे मागे राहिला. बरा झाल्यावर गालुस एकांत शोधीत श्टायनाख या ओढ्याच्या काठी आला. तेथे काटेरी झुडपात पाय अडकून तो पडला, आणि याच जागी राहावे असा हा संकेत आहे असे समजून त्याने तेथेच झोपडी बांधली, अशी कथा आहे. दुसरी कथा अस्वलाची. रात्री शेकोटीजवळ आलेल्या अस्वलास गालुसने लाकडे आणण्याची आज्ञा केली, अस्वलाने ती पाळली, व मोबदल्यात त्याला भाकरी मिळाली. कथा खरी मानावी की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. गावाच्या मुद्रेवर मात्र ते अस्वल आजही दिमाखाने उभे आहे.

गालुसच्या निधनानंतर काही दशके लोटली आणि ७१९ साली ओटमार नावाच्या धर्मगुरूने त्या जागी रीतसर मठ स्थापन केला. तोच पहिला मठाधिपती. ७४७ साली येथे बेनेडिक्टची नियमावली लागू झाली. पुढील दोनशे वर्षांत हा मठ युरोपातील विद्येचे एक प्रमुख पीठ बनला.

न बांधलेल्या मठाचा नकाशा

मठाच्या त्या वैभवकाळातील बांधकाम आज जवळजवळ काहीच शिल्लक नाही. आपण जे चर्च पाहतो ते १७५५ ते १७६६ या काळात नव्याने बांधलेले आहे. मग हजार बाराशे वर्षांपूर्वीचा मठ कसा असे, हे कसे कळावे? याचे उत्तर चर्मपत्राच्या एका तुकड्यावर आहे.

सुमारे ८२० साली, बोडन सरोवरातील रायखेनाऊ बेटावरच्या मठात एक नकाशा काढण्यात आला, व तो सेंट गालेनचा मठाधिपती गोझ्बर्ट याला पाठविण्यात आला. चर्मपत्राचे पाच तुकडे एकत्र शिवून तो केलेला आहे. त्याची लांबी ११२ सेंटिमीटर व रुंदी साडेसत्त्याहत्तर सेंटिमीटर. तांबड्या रेघांनी त्यावर एका आदर्श मठाची संपूर्ण आखणी केली आहे. मध्यभागी चर्च, सभोवती मठवासीयांची निवासस्थाने, शाळा, पाहुण्यांची घरे, रुग्णालय, औषधी वनस्पतींची बाग, भटारखाना, तबेले, एवढेच काय पण कोंबड्या व हंस यांच्यासाठी दोन गोल खुराडी आणि त्यांमध्ये राखणदाराचे घर! थडग्यांच्या मधून फळझाडे लावलेली आहेत. तीनशेहून अधिक लहान लहान टिपणांनी प्रत्येक जागेचा उपयोग सांगितला आहे. चर्चला लागून एक चौकोनी खोली आहे. खाली लेखकांच्या बैठका आणि वर ग्रंथालय, असे तिच्यावर लिहिलेले आहे. लेखकांच्या बैठका खिडक्यांपाशी आहेत, कारण लिहिणाऱ्याला उजेड हवा.

हा मठ नकाशाप्रमाणे कधीच बांधला गेला नाही. तरीही नकाशा टिकला, तो मोठ्या गमतीने. बाराव्या शतकाच्या अखेरीस एका मठवासीयाला संत मार्टिन यांचे चरित्र लिहावयाचे होते. त्याने हे मोठे चर्मपत्र घेऊन त्याच्या कोऱ्या पाठीवर चरित्र लिहिले. मजकूर संपेना, तेव्हा पुढच्या बाजूचे एका कोपऱ्यातील इमारतीचे चित्र खरवडून तेथेही लिहिले. मग घड्या घालून त्याची पोथी केली व ती ग्रंथालयात ठेवून दिली. एक इमारत गेली. पण चरित्राच्या आधाराने बाकीचा नकाशा आठशे वर्षे सुखरूप राहिला. २०१९ सालापासून मूळ नकाशा एका विशेष दालनात दाखवितात. प्रकाशाने रेघा फिक्या होऊ नयेत म्हणून तो अगदी थोडे क्षण उजेडात येतो आणि पुन्हा झाकला जातो. त्या क्षणांत दालनातील कुणीही बोलत नव्हते. जर्मनीतील मेसकिर्ख या गावी २०१३ पासून काही मंडळी मध्ययुगीन हत्यारांनी हाच मठ प्रत्यक्ष बांधू लागली आहेत, हे कळल्यावर आम्हांस फार कौतुक वाटले.

आधी ग्रंथ

नकाशा योगायोगाने वाचला. परंतु बाकीचे ग्रंथ योगायोगाने वाचलेले नाहीत. ते वाचविण्यासाठी माणसांनी कष्ट सोसले आहेत.

९२६ साली हंगेरीकडील मग्यार स्वारांच्या टोळ्या या भागावर चालून आल्या. त्या वेळी गावात विबोराडा नावाची एक तपस्विनी राहत असे. तिने स्वतःस एका कोठडीत चिणून घेतले होते. लहानशा खिडकीतून तेवढा तिचा जगाशी संबंध. मठातील ग्रंथांना गुंडाळण्यासाठी ती वस्त्रे करीत असे, असे सांगतात. पोथी बासनात बांधून ठेवण्याची रीत आपल्याकडेही आहे, हे तुम्ही जाणताच. संकट ओळखून तिने मठाधिपतीला निरोप दिला की आधी ग्रंथ हलवा, मग माणसे. त्याप्रमाणे ग्रंथ रायखेनाऊ बेटावर पाठविले गेले, व मठवासी जवळच्या जंगलातील तटबंदीत आश्रयास गेले. विबोराडाने मात्र आपली कोठडी सोडली नाही. छप्पर उचकटून आत शिरलेल्या स्वारांनी तिचा वध केला. १०४७ साली तिला संतपद देण्यात आले. ग्रंथालयांची रक्षणकर्ती म्हणून आजही तिचे स्मरण केले जाते.

त्याच प्रसंगाची एक हास्यकारक हकीकत एक्केहार्ट नावाच्या मठवासी बखरकाराने लिहून ठेवली आहे. हेरिबाल्ड नावाचा एक भोळा मठवासी पळून जाण्यास तयार होईना; कारण जोड्यांसाठी त्या वर्षीचे चामडे त्याला भांडारातून मिळाले नव्हते! चामड्यावाचून जाणार नाही, असा हट्ट धरून तो बसला. मग्यार स्वारांना त्याची गंमत वाटली व त्यांनी त्याला जिवंत सोडले. पुढे ग्रंथ रायखेनाऊहून परत आले. तेव्हा त्यांची संख्या बरोबर भरली, परंतु ग्रंथ सारे तेच नव्हते, असेही या बखरकाराने मिस्किलपणे नमूद केले आहे. उसनी दिलेली पुस्तके परत घेताना आपणही हे लक्षात ठेवावे.

यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी दुसरे संकट आले, आणि ते चक्क शाळेतून आले. सणाच्या दिवशी मुलांनी काही खोड्या केल्या होत्या, व त्याबद्दल दुसऱ्या दिवशी छडीचा प्रसाद मिळावयाचा होता. माळ्यावरून छड्या आणावयास एका मुलाला पाठविण्यात आले. त्याने शेगडीतले जळते लाकूड घेऊन माळ्यावरच्या वाळक्या लाकडांत खुपसले. छडी चुकावी एवढाच त्याचा हेतू असावा. पण वारा सुटला आणि ९३७ सालच्या त्या एप्रिल महिन्यात मठाचा मोठा भाग भस्मसात झाला. या वेळीही मठवासीयांनी धावपळ करून ग्रंथ बाहेर काढले. या हकीकतीवरून विद्यार्थ्यांनी काय बोध घ्यावा हे सांगणे नलगे. शिक्षकांनी घ्यावयाचा बोध आम्ही घेतला आहे.

उतरती कळा

सदैव चढती कळा कुणाच्याच नशिबी नसते. तेराव्या शतकात मठाचे लक्ष विद्येवरून उडून सत्ता व जमीनजुमला यांकडे गेले. १२९१ च्या सुमारास मठाधिपतीसह मठातील कुणालाही लिहिता येत नव्हते, असे उल्लेख मिळतात. ज्या मठाने शेकडो ग्रंथ लिहिले, त्याच मठाची ही दशा! ग्रंथ होते, पण वाचणारे उरले नव्हते. १४१६ साली पोज्जो ब्राच्चोलिनी हा इटालियन विद्वान जवळच्या कॉन्स्टन्स शहरातील धर्मपरिषदेस आला असता येथे डोकावला. एका मनोऱ्याच्या तळाशी, अंधारात व धुळीत पडलेल्या ग्रंथांत त्याला वक्तृत्वशास्त्रावरील क्विंटिलियन या रोमन पंडिताचा ग्रंथ संपूर्ण स्वरूपात सापडला. तो ग्रंथ त्या वेळी विद्वानांना अपुराच ठाऊक होता. पोज्जोने बसून स्वहस्ते त्याची नक्कल केली.

पुढे धर्मसुधारणेच्या चळवळीत गावकऱ्यांनी प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला, मठ मात्र कॅथॉलिकच राहिला. १५२९ साली चर्चमधील मूर्ती व चित्रे फोडण्यात आली. मठवासी १५३२ साली परतले. पण मने दुभंगली ती दुभंगलीच. अखेर १५६६-६७ मध्ये मठ व गाव यांच्यामध्ये सुमारे ९ मीटर उंचीची भिंत घालण्यात आली. तिचा काही भाग आजही उभा आहे. चारही बाजूंनी गाव आणि मध्ये भिंतीआड मठ, असे हे शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिले. १७१२ च्या युद्धात झुरिक व बर्न येथील सैन्याने ग्रंथालय लुटून नेले. पुढे पुष्कळ ग्रंथ परत मिळाले, सर्व मिळाले नाहीत. त्या लुटीचा वाद थेट २००६ साली समझोत्याने मिटला. झुरिकने काही हस्तलिखिते बेमुदत उसनी म्हणून परत दिली, आणि माणसाहून उंच अशा एका जुन्या पृथ्वीगोलाची हुबेहूब प्रतिकृती करून दिली. ती आज ग्रंथालयात उभी आहे. मूळ गोल झुरिकमध्येच आहे.

शेवटी नेपोलियनच्या काळातील राज्यक्रांतीच्या लाटेत १८०५ साली मठ विसर्जित झाला. सुमारे अकराशे वर्षे नांदलेली संस्था संपली. ग्रंथालय मात्र विकले गेले नाही की फुटले नाही. १९८३ साली युनेस्कोने या मठाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

आत्म्याचे औषधालय

ग्रंथालयाच्या दारात बुटांवरून घालावयाचे लोकरी चपलांचे जोड ठेवलेले असतात. १७५८ ते १७६७ या काळात बांधलेल्या या दालनाची जमीन निरनिराळ्या रंगांच्या लाकडांची नक्षी जडवून केलेली असून तिच्यावर ओरखडा उमटू नये म्हणून ही योजना. लहानथोर सारे पाय घसटीत चालत असल्याने प्रथम हसू येते. परंतु दारावरील ग्रीक अक्षरांचा अर्थ कळताच हसू मावळते. 'आत्म्याचे औषधालय' असा त्या अक्षरांचा अर्थ आहे.

आत दुमजली उंचीची लाकडी कपाटे, वळणावळणाचा सज्जा आणि छतावर रंगविलेली चित्रे आहेत. ग्रंथालयात एकूण सुमारे १,७०,००० ग्रंथ असून त्यांत सुमारे २,१०० हस्तलिखिते आहेत. त्यांपैकी चारशेच्या आसपास हस्तलिखिते इसवी सन १००० पूर्वीची आहेत. एकेक हस्तलिखित म्हणजे केवढे कष्ट! वासराचे अथवा मेंढीचे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवावयाचे, चौकटीत ताणून खरवडावयाचे, वाळवून कापावयाचे. ओकच्या झाडावरील मायफळ व हिराकस यांची शाई करावयाची. पक्ष्याच्या पिसाची लेखणी तासावयाची. आणि मग थंडीवाऱ्यात दिवसामागून दिवस लिहीत बसावयाचे. नवव्या शतकातील एका आयरिश पोथीच्या समासात तर नव्या चर्मपत्राबद्दल व वाईट शाईबद्दल लेखकाने तक्रार नोंदविली आहे. आपल्याकडील पोथ्यांच्या शेवटीही लेखक विनवितो की हे पुस्तक तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. पाठ मोडून लिहिणाऱ्याचे दुःख सर्व देशांत सारखेच.

या ग्रंथसंपत्तीत एक लहानसे पुस्तक आहे. दिसण्यात ते अगदी साधे, पण त्याची थोरवी मोठी. तो आठव्या शतकाच्या अखेरचा एक लॅटिन-जर्मन शब्दकोश आहे. त्यातील पहिल्या शब्दावरून त्याला 'आब्रोगान्स' म्हणतात. जर्मन भाषेतील आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ तो हाच. त्या काळी विद्येची भाषा लॅटिन होती. जर्मन ही शेतकऱ्यांची, गुराख्यांची, आईची भाषा. तिच्यात काही लिहावे असे फारसे कुणाच्या मनात येत नसे. ज्या भाषेत पुढे गटे आणि आइन्स्टाइन यांनी लिहिले, तिचा ग्रंथसंसार एका शब्दकोशापासून सुरू झाला.

जाड ओठांचे गुरुजी

आता आम्ही आमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. दहाव्या शतकाच्या अखेरीस या मठाच्या शाळेत नोटकर नावाचे एक शिक्षक होते. मठात या नावाचे अनेक जण होऊन गेल्याने लोकांनी प्रत्येकाला टोपणनाव दिले होते. एक नोटकर 'तोतरा', तर हे नोटकर 'लाबेओ', म्हणजे जाड ओठांचे. नोटकर गुरुजींपुढे रोजची एक अडचण होती. मुलांना लॅटिन ग्रंथ शिकवावयाचे, पण मुलांना लॅटिन धड येत नसे. शब्द पाठ होत, अर्थ हाती लागत नसे.

यावर त्यांनी जो उपाय योजला, तो त्या काळच्या विद्वानांना धाडसाचा वाटावा असा होता. बोएथियुसचा तत्त्वज्ञानपर ग्रंथ, ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्र, स्तोत्रसंहिता असे कठीण ग्रंथ त्यांनी जर्मनमध्ये आणले. त्यांची पद्धत अशी की, आधी लॅटिन वाक्य द्यावयाचे, मग त्याचे जर्मन रूप, आणि त्यानंतर मुलांना समजेल असे स्पष्टीकरण. जर्मनमध्ये तत्त्वज्ञानाच्या परिभाषेला शब्द नव्हते, तेथे त्यांनी नवे शब्द घडविले. ती भाषा कशी लिहावी याचे ठरीव नियमही नव्हते. तेव्हा उच्चार नीट कळावेत म्हणून त्यांनी स्वरांवर खुणा देऊन लिहिण्याची काटेकोर रीत बसविली.

सियोन येथील बिशप ह्यूगो यांना त्यांनी लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. आपण जवळजवळ कुणीच न केलेले काम हाती घेतले आहे, हे त्यांनी त्यात मान्य केले आहे. वाचणाऱ्याला प्रथम ते विचित्र वाटेल, याचीही त्यांना जाणीव होती. तरी त्यांचे सांगणे असे की, जी गोष्ट परक्या भाषेत मुश्किलीने अथवा अर्धवट कळते, ती मातृभाषेत किती तरी लवकर उमगते. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. नोटकर यांनी लॅटिन टाकून दिली नाही. मुलांना लॅटिनपर्यंत नेण्यासाठीच त्यांनी घरच्या भाषेची पायरी बांधली. पायरी भक्कम असली की वरचा मजला गाठता येतो, एवढे साधे त्यांचे सूत्र.

१०२२ साली जून महिन्यात सम्राटाच्या सैन्याबरोबर आलेली साथ मठात शिरली आणि तीत नोटकर वारले. जोब याच्या ग्रंथाचे भाषांतर त्यांनी मृत्यूच्याच दिवशी पुरे केले, असे त्यांचा विद्यार्थी सांगतो. हा विद्यार्थी म्हणजे ज्याने वरील आगीची व चामड्याची हकीकत लिहिली तोच एक्केहार्ट. आपल्या गुरूची आठवण त्याने आदराने जपून ठेवली आहे.

परत येताना

आगगाडीत बसल्यावर आमच्या मनात आपल्याकडील गोष्टी येऊ लागल्या. नोटकर यांच्या निधनानंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी, १२९० साली, नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. या दोघांना एकमेकांचे नावही ठाऊक असणे शक्य नव्हते. परंतु जे ज्ञान थोड्यांच्या भाषेत अडकले आहे ते सर्वांच्या भाषेत आणावे, ही तळमळ दोघांची एकच. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून गावोगाव ग्रंथालये पोचविण्याचे काम आरंभिले. १८९० साली स्थापन झालेल्या कलाभवनात त्रिभुवनदास गज्जर यांनी धंदेशिक्षण लोकांच्या भाषेतून देण्याचा आग्रह धरला होता. १९२७ साली स्थापन झालेल्या प्राच्यविद्या मंदिरात हजारो हस्तलिखिते जतन केलेली आहेत. ज्या रस्त्याने आपण रोज शाळेत येतो त्याच्या आसपासच हे सारे घडले. आणि आपल्यापैकी कितीजणांनी ते डोळे उघडून पाहिले आहे?

येत्या जूनमध्ये तो प्रश्न पुन्हा विचारला जाईल. आम्ही त्या पालकांना या जाड ओठांच्या गुरुजींची गोष्ट सांगणार आहोत. परंतु अर्धीच गोष्ट सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल; म्हणून १२९१ ची गोष्टही सांगू. ग्रंथ कपाटात असून वाचणारे नसले, तर ती भाषा आणि ती संस्था यांना कुणी वाचवू शकत नाही. मराठी शाळा टिकावी असे वाटत असेल तर शाळेत मराठी ग्रंथ वाचले गेले पाहिजेत, गुजराती-हिंदी-इंग्रजीची पुढली पायरीही जिद्दीने चढली पाहिजे, आणि शिक्षकांनी नोटकरांसारखी रोज नव्याने तयारी केली पाहिजे. यांतील शेवटचा वाटा आमचा आहे, व तो उचलण्याचे आम्ही येथे कबूल करतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे आमचे एक लहानसे मागणे आहे. या सुटीत आपल्या घरातील सर्वांत जुने मराठी पुस्तक शोधा. ते आजीची पोथी असेल, पंचांग असेल, नाही तर आजोबांच्या शाळेतील क्रमिक पुस्तक असेल. त्यावर नाव कोणाचे, साल कोणते, समासात कुणी काही लिहिले आहे काय, हे पाहा व वहीत टिपून आणा. पाने सुटली असतील तर ती नीट लावून स्वच्छ फडक्यात बांधून ठेवा. मात्र बांधण्यापूर्वी त्यातले एक पान घरातल्यांना मोठ्याने वाचून दाखवा.